पाठ फिरवून खायची भाकरी

फार वर्षांपूर्वी आमच्या खरबडी गावात विहीर नव्हती. बायका दोन कोसांवरून पाणी आणायच्या आणि येईपर्यंत निम्मं सांडायचं. तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका, मधे खोकू नका.

विहीर खणायला मेसू वडार आला. अंगावर लंगोटी, खांद्यावर पहार, आणि फडक्यात एक ज्वारीची भाकरी, एक कांदा, चिमूटभर मीठ. दुपारी तो दगडावर बसायचा, बुक्कीनं कांदा फोडायचा आणि खायचा. पण खायचा कसा! असं म्हणतात, त्याचा कांदा फुटला की तीन शेतं पलीकडचे बैल जिभल्या चाटायचे, आणि नुकती जेवून उठलेली माणसं घरी जाऊन पुन्हा ताट मागायची.

समोरच्या माडीत तुळाजीराव देशमुख राहायचा. जमीन त्याची, विहीर खणायचा हुकूमही त्याचाच. ताटात चार भाज्या, दोन गोडाचे पदार्थ, वर तूप. खिडकीशी बसून जेवायचा. एके दुपारी त्याची नजर मेसूवर पडली आणि तिथंच अडकली. त्या दिवसापासून त्याला अन्नाची चव लागेना. घास स्वतःच्या तोंडात, डोळे मेसूच्या तोंडावर.

स्वयंपाकीण चिमाबाई म्हणाली, "मालक, आमटीत मीठ कमी पडलं का?"

"आमटी गेली खड्ड्यात! तो बघ मेला कसा खातोय!"

दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं भरलं ताट खाली पाठवलं आणि मेसूची भाकरी वर मागवली. भाकरीचा त्याच्या तोंडात भुसा झाला. आणि खाली? मेसूनं बासुंदी-पुरीही तशीच खाल्ली. एक घास जास्त नाही, एक कमी नाही. ताट घासून परत पाठवलं आणि वर निरोप, "लई ग्वाड होतं. उद्या माझी भाकरीच राहू द्या, ह्यानं झोप येती."

तुळाजीराव जळून कोळसा झाला. मेसू बासुंदीला हपापला असता तर त्याचा जीव थंड झाला असता. पण तेवढंही सुख त्या वडारानं दिलं नाही.

मग त्याला वाटलं, चव दगडात आहे. चार गडी लावून त्यानं मेसूचा बसायचा दगड माडीवर चढवला. त्यावर बसून कांदा फोडला. पाणी डोळ्यांत आलं, तोंडाला सुटलं नाही. खिडकीतून बघतो तर मेसू मातीत बसून तसाच खातोय.

तेव्हा तो स्वतःच विहिरीवर गेला.

"काय घालतोस रं भाकरीत?"

"मीठ, मालक."

"मीठ माझ्या घरी पोत्यानं हाय!"

"मग खावा की."

"उद्या दिस मावळायच्या आत खरं सांग. न्हाईतर पहार उचल आन् गाव सोड. विहीर राहू दे तशीच."

विहीर चाळीस हात खोल गेली होती. मातीला ओल लागली होती. आता हा गेला की बायकांना जन्मभर दोन कोस चालणं आलं.

मेसूनं डोकं खाजवलं. "मला सांगाय काय येत न्हाय, मालक. उद्या एक डाव खाली या. संगं खाऊ. मग घालवा."

दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी दोर धरला आणि देशमुखाला पाटीत बसवून खाली सोडलं. तळाला खडक आडवा आला होता, म्हणून मेसूनं खडकाखालून बिळासारखी वाट काढली होती. तिथं दोघं शिरले. आपला हात आपल्याला दिसू नये असा अंधार. मेसूनं भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

"मेसू, कुठं हायेस?"

"हितंच. खावा."

"तू खातोयस का?"

"खावा की मालक, माझं काय बघता!"

बघायला काही नव्हतंच. तुळाजीरावानं घास घेतला. भाकरी एका कडेला करपली होती, ते करपलेलं जिभेला लागलं. मिठाचा खडा दाताखाली आला. कांदा नाकात चढला. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडातला घास त्याचा झाला. तो खात राहिला आणि मग मोठ्यानं हसला. असं म्हणतात, घणाला दाद न देणारा तो खडक त्या हसण्यानं फाटला आणि आतून मनगटाएवढी धार सुटली. पाण्यानंच तुळाजीरावाला उचलून काठावर आणून ठेवलं. हातातली चतकोर भाकरी कोरडी होती.

मेसू मात्र वर आला नाही. तो झऱ्याबरोबर खाली पाताळात गेला, असं म्हणतात. मला विचाराल तर दुसऱ्या काठानं निघून पुढच्या गावी विहीर खणायला गेला असेल. पण गावाला असं साधं चालत नाही.

अजून दरसाल चैत्री अमावस्येला अख्खं गाव त्या विहिरीभोवती जेवायला बसतं. सगळ्यांच्या पाठी विहिरीकडं, तोंडं बाहेर रानाकडं. प्रत्येकाला एक भाकरी, एक कांदा, मीठ. शेजाऱ्याच्या फडक्यात बघायचं नाही. जो बघेल त्यानं विहिरीतला दहा पाट्या गाळ उपसायचा.

औंदा माझ्या शेजारी बसलेल्या त्या शिदबाच्या कांद्याचा असा करकर आवाज आला की माझी मान वळलीच. त्याचा कांदा माझ्यापेक्षा मोठा होता, मी शपथेवर सांगतो. दहा पाट्या काढल्या. माझ्यासारखे आणखी बावीस जण निघाले.

म्हणून तर आमची विहीर इतकी स्वच्छ राहते.