सोनकीचा एका श्वासातला बेत

सोनकी होती मुठीएवढी आणि तिची भूक हंड्याएवढी. तिची आई बायजा मोगऱ्याचे गजरे विणून बाजारात विकायला न्यायची. गजरे दुपारपर्यंत माना टाकायचे आणि तसेच घरी यायचे. शेवटी आईनं सोनकीचे दोन परकर गाठोड्यात बांधले. म्हणाली, "सोने, या बाजारीही गजरे परत आले तर मी लांब कामाला जाईन. तू मावशीकडं राहा हं."

सोनकी डोळे पुसत बागेत शिरली. बघते तर कोळ्याच्या जाळ्यात जांभळा-निळा पंख अडकलेली एक इवलीशी परी. अंगावर दवाची चमचम, नाकावर राग. सोनकीनं पंख अलगद सोडवला, जाळंसुद्धा फाटू दिलं नाही. कोळ्याच्या घरीही लेकरं असतील ना.

"माग एक इच्छा," परी म्हणाली. "पण नियम आहे. आधी बेत सांगायचा."

सोनकीनं डोळे मिटले. "गरम भाकरी, झुणका, वर लसणीची चटणी."

हसू नका. रिकाम्या पोटी तुम्हालाही जेवणाचाच बेत आठवला असता. परी मात्र हसता हसता पानावरून घसरली.

"अगं वेडाबाई, तुम्हा मायलेकींचं पोट भरेल असा धंद्याचा बेत. जा, जाणत्यांना विचारून ये. आणि एका श्वासात सांग. दुसरा श्वास घेतलास की इच्छा भुर्र."

सोनकीनं सोनेरी मधमाशीला गाठलं.

"बाजारात कोण येतं गं?" मधमाशीनं विचारलं.

"गाडीवाले, कुंभार, पहाटे लांबून निघालेले."

"त्यांना गजरा हवा असतो?"

सोनकीला ती पोटावरून हात फिरवत सावली शोधणारी माणसं आठवली. "नाही. भाकरी हवी असते."

"मग मोगरा घेऊन त्यांच्या मागं कशाला धावता? आम्ही कधी उजाड माळावर मध शोधतो का?"

पुढं बाभळीवर सुगरण पक्षी घरटं विणत होता. नाव बायकी, घाम नवऱ्याचा. तो म्हणाला, "मी अर्धंच विणतो आणि बायकोला दाखवतो. तिनं नाक मुरडलं तर दुसरं सुरू. तूही आधी थोड्याच भाकऱ्या कर, खाणाऱ्याचं तोंड बघ."

खारूताई म्हणाली, "चार शेंगा खा, एक पावसापाण्यासाठी पुरून ठेव. कुठं पुरली ते विसरू नको तेवढं." आणि ती आपलीच शेंग शोधत माती उकरत बसली.

सोनकी पळत परीकडं आली. छाती भरून श्वास घेतला. "बाजारात लांबून आलेली माणसं उपाशी असतात म्हणून आई आणि मी आधी थोडाच झुणका नि थोड्याच भाकऱ्या करू नि आवडल्या तर वाढवू नि रोज मूठभर पीठ बाजूला..."

तेवढ्यात तिच्या मागोमाग आलेली मधमाशी बागेतल्या हौदात पडली.

"अगं बाई, थांब, आले," म्हणत सोनकीनं तिला पानावर उचलून घेतलं. श्वास मोडला. परीच्या ओंजळीतली इच्छा चांदणीसारखी उडून गेली.

"नियम म्हणजे नियम, राणी," परी हळूच म्हणाली. "आता मला काही देता येत नाही."

सोनकीनं पानावरच्या मधमाशीवर हळूच फुंकर घातली. मग ती म्हणाली, "असू दे. मधमाशी वाचली. आणि बेत तर माझ्याजवळच राहिला की."

परीनं डोळा मिचकावला. "देता येत नाही. पण मी तुझ्याकडून काही विकत घेऊ नये, असं कुठं म्हटलंय?"

सोनकीनं बेत आईला सांगितला आणि बाजारच्या दिवशी मायलेकींनी चिंचेखाली चूल मांडली. ओली लाकडं नुसती धुमसत होती. परी तव्याच्या काठावर उतरली, भाकरीचा कण खाल्ला, चटणीच्या तिखटानं गळणारं नाक पुसलं. "हे माझं मोल," म्हणत तिनं पंखावरची एक ठिणगी चुलीत टाकली. "उपाशी माणसाला परत धाडाल त्या दिवशी ही विझेल." आणि ती स्वतःच केशरी, गुलाबी, रुपेरी उजेड होऊन विरून गेली.

चूल लखकन पेटली. झुणक्याचा वास बाजारभर हिंडला. एक म्हातारा गाडीवान वासामागं आला. "काय गं पोरी, आज काय बेत?"

सोनकीनं आईकडं पाहिलं. आई मावशीकडं न्यायचं गाठोडं सोडून सोनकीचे परकर झटकत होती.

"गरम भाकरी, झुणका, वर लसणीची चटणी," सोनकी म्हणाली. एका श्वासात.