नवशिक्याची पत्ती

"...पण मास्तर, पहिल्याच दिवशी हातात उत्तम वाद्य आलं, तर मूल लवकर तयार होणार नाही का?"

 शमुवेल मास्तर खिडकीशी बसून क्लॅरोनेटची पत्ती उजेडाकडे धरून पाहत होते. बोरूची ती चपटी पत्ती माउथपीसवर बांधतात. फुंकर लागली की ती थरथरते, आणि वाद्य बोलतं. पत्ती जेवढी जाड आणि तिच्याखालची फट जेवढी मोठी, तेवढा खालचा ओठ दातांवर घट्ट दाबावा लागतो.

मास्तर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. पुढचे दात गेले तेव्हा त्यांचं वाजवणंही गेलं. आता ते नगरला चर्चमागच्या एका खोलीत राहत आणि इतरांच्या पत्त्या घासून देत.

समोर मोरेश्वर घडशी बसला होता, मांडीवर वाद्याची कापडी पिशवी घेऊन. त्यांचा सगळ्यात नावाजलेला शिष्य. वरातीपासून रेडिओपर्यंत वाजवलेला. हल्ली तो एका शाळेत मुलांना शिकवत होता, आणि शाळा नवी क्लॅरोनेटं घेणार होती.

"माउथपीस मोठ्या फटीचं घेतो," मोरेश्वर म्हणाला. "माझं आहे तसंच. आणि त्यावर जाड पत्ती."

"मुलांना?"

"मुलांनाच. पातळ पत्तीवर आवाज शेळीच्या करडासारखा येतो. ती सवय मग जन्मभर सुटत नाही. तुम्हीच नाही का मला जाड पत्तीवर घडवलंत?"

"हो," मास्तर म्हणाले.

त्यांनी हातातली पत्ती खाली ठेवली.

"गेल्या वर्षीची मुलं कशी वाजवतात?"

"सोडून गेली."

"सगळी?"

"दम नव्हता त्यांच्यात."

"एकातही?"

 मोरेश्वर म्हणाला, "एक होती. निलोफर. तिचे वडील शिलाई मशिनं दुरुस्त करतात."

"तिच्यात दम होता?"

"कान होता, मास्तर. असा कान मी दुसरा पाहिला नाही. एकदा ऐकलं की तिच्या बोटांत उतरायचं."

"आणि ओठ?"

"ओठ कच्चे होते."

"म्हणजे?"

"खालचा ओठ आतून फुटायचा," मोरेश्वर हळू आवाजात म्हणाला. "पत्तीवर रक्त दिसायचं. मी म्हणायचो, होईल घट्ट. माझाही झाला. मग एके दिवशी तिनं वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, सर, आता अभ्यास आहे."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, ठीक आहे."

बाहेर चर्चच्या आवारात कुणीतरी पाचोळा झाडत होतं. त्या खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"आज इथं खरंच पत्त्यांसाठी आलास?" मास्तरांनी विचारलं.

मोरेश्वरनं मान खाली घातली.

"परवा निलोफर बाजारात दिसली. भाजी घेत होती. तिचं लक्ष नव्हतं माझ्याकडे. शिट्टी वाजवत होती, मास्तर. मी वर्गात शिकवलेलीच धून. सूर असा गोल, की मी तिथंच थांबलो... मग तिनं मला पाहिलं."

"आणि?"

"शिट्टी थांबली."

मास्तर उठले. फळीवरून त्यांनी एक साधं काळं माउथपीस काढलं. लहान फटीचं, स्वस्तातलं, दुकानदार नव्या वाद्याबरोबर देतात तसलं. वाटीतल्या पाण्यातून एक पातळ पत्ती उचलली, माउथपीसवर बसवली, पत्तीभोवतीचं कडं आवळलं.

"तुझ्या वाद्याला लाव. वाजव."

"ही? ही तर अगदी नवशिक्याची."

"वाजव."

मोरेश्वरनं नेहमीसारखे ओठ आवळले, जबडा घट्ट केला आणि फुंकर घातली.

काहीच वाजलं नाही. पत्ती दबून माउथपीसला चिकटली होती. आत हवाच जाईना.

त्यानं पुन्हा जोर लावला. कानशिलं लाल झाली. नुसतं फुस्स झालं.

"पत्ती खराब आहे," तो म्हणाला.

मास्तरांनी वाद्य त्याच्याकडून घेतलं. पुढचे दात नसलेलं तोंड माउथपीसवर ठेवलं. ओठांची नुसती घडी केली. एक सूर आला. बारीक, कापरा, पण सूरच.

त्यांनी माउथपीस पुसलं आणि वाद्य परत दिलं.

"चावू नकोस."

मोरेश्वरनं जबडा सैल सोडला. पुष्कळ वेळ लागला त्याला. इतक्या वर्षांची पकड होती ती. अखेर एक सूर निघाला. खरंच करडासारखा.

तो ते पोरकट सूर वाजवत राहिला. सा, रे, पुन्हा सा. मग त्यानं वाद्य मांडीवर ठेवलं आणि चेहरा झाकून घेतला.

"एवढ्यानं झालं असतं," तो म्हणाला. "एवढंसं तर द्यायचं होतं तिला."

मग त्यानं तोंड पुसलं आणि माउथपीस वाद्यावरून काढलं.

"मी हेच घेऊन तिच्याकडे जातो. ही पत्ती, हे माउथपीस. चालेल ना?"

"जा."

"ती परत येईल?"

"मला काय माहीत..."

मोरेश्वर गेला.

पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, तो पुन्हा आला. हातात तीच कापडी पिशवी होती. दारातच चप्पल काढून तो तसाच उंबऱ्याजवळ बसला.

"गेलो होतो."

"बस ना आत."

"इथंच बरा आहे... तिच्या आईनं खुर्ची दिली. चहा केला. वडील दुकानातून उठून घरी आले. सगळी माझ्याशी फार चांगलं वागली, मास्तर. त्याचंच जास्त लागलं."

"आणि ती?"

"माउथपीस हातात घेतलं तिनं. पत्तीच्या टोकावर अंगठा फिरवला. म्हणाली, किती मऊ आहे. मी म्हणालो, हिच्यावर वाजव, अजिबात दुखणार नाही. तिनं ते ओठापर्यंत नेलं..."

"वाजवलं?"

"नेलं आणि थांबली.  मग सगळं नीट पुसून माझ्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, सर, नका ना. तिचे वडील म्हणाले, राहू द्या सर, पोरीचं मन नाही. मी चहा संपवला आणि निघालो."

"माफी मागितलीस?"

"मागितली. ती म्हणाली, तुमची काय चूक सर, माझेच ओठ कच्चे."

मास्तरांनी डोळे मिटले.

आवारातून माणसं घरी चालली होती. कुणीतरी खिडकीतून मास्तरांना नमस्कार केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

"शाळेत सांगितलं मी," मोरेश्वर म्हणाला. "साधी माउथपीसं घ्या, पातळ पत्त्या घ्या. मुलं सोमवारपासून येतील. या वेळी कुणाचा ओठ फुटू देणार नाही."

"चांगलं केलंस."

"पण एक गोष्ट मनातून जात नाही."

"कोणती?"

"मी अगदीच निर्दय नव्हतो, मास्तर. तिला विचारायचो. दर वेळी विचारायचो, दुखतंय का? ती म्हणायची, नाही सर. हसून म्हणायची. एकदा जरी हो म्हणाली असती, तरी मी पत्ती बदलली असती. का नाही म्हणाली ती?"

 मास्तर खिडकीजवळून उठले, उंबऱ्याशी आले आणि मोरेश्वरच्या शेजारी खाली जमिनीवर बसले. ते त्याच्या शेजारी असे कधी बसले नव्हते. मोरेश्वर संकोचून उठू लागला. मास्तरांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

त्याची हनुवटी वर केली. अंगठ्यानं खालचा ओठ जरासा दुमडून आतला जुना, पांढरा पडलेला वण पाहिला. तो थेट खालच्या दातांच्या रेषेत होता.

"मीही विचारायचो तुला," मास्तर म्हणाले. "तू कधी हो म्हणालास?"