किल्ली जानव्याला, पट्टी डोळ्यांना

सकाळी फोन पुसताना मृदुलाच्या बोटाला काहीतरी गार लागलं आणि ती दचकली. डायलला इवलंसं कुलूप लटकत होतं. तिचे सासरे बापूसाहेब, निवृत्त हेडमास्तर, महिनाभर काटकसरीच्या मोहिमेवर होते. न्हाणीघरातला दिवा गेला, चहातलं दूध घटलं. आता फोनची पाळी!

तिच्या आईच्या डोळ्यांचं परवाच ऑपरेशन झालं होतं. मृदुला चाचरत म्हणाली, "मामंजी, आईची खुशाली विचारायची होती..."

"खुशालीला पोस्टकार्ड असतं, सूनबाई!" जानव्याला बांधलेली किल्ली कुरवाळत बापूसाहेब म्हणाले.

मृदुलाने मान डोलावली. "लिहिते की. फक्त आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, तेव्हा मीच मिरजेला जाऊन ते वाचून दाखवते. आठ दिवस माझं जेवणही वाचेल! तुमच्यासाठी कोपऱ्यावरच्या खाणावळीचा डबा सांगून ठेवते."

त्या खाणावळीची आमटी आठवली आणि बापूसाहेबांचा हात आपोआप जानव्याकडे गेला.

"फोनच स्वस्त पडेल," किल्ली देत ते पुटपुटले.

मिरजेला घंटा वाजतच राहिली. मृदुलाचा जीव टांगणीला लागला. आणि मग पलीकडून आवाज आला, "मृदू ना? भिंत चाचपत आले गं, म्हणून उशीर झाला!"