वहाणेचा आजोबा आणि गाभण कुत्री

माणसाला जनावराची बोली कळत होती, तेव्हाची ही गोष्ट; म्हणजे किती जुनी ते तुम्हीच ओळखा. एका माळावर धनगरांची वस्ती होती. मेंढरे पुष्कळ, पण राखणीला कुत्री एकच. तिचा वास आला की लांडगा लांबूनच परत फिरे.

वस्तीची एक रीत होती. कुत्री गाभण राहिली की तिला राखणीतून सुट्टी, आणि प्रत्येक घरातून रोज एक भाकरी. तेवढे दिवस माणसांनी आळीपाळीने राखण करायची. पिल्ले झाली की ती साऱ्या वस्तीची.

एका साली कुत्रीचे पोट वाढले. सडांना दूध आले. तिने कुडामागे खड्डाही उकरला. दिवस भरले, पण पिल्लू एकही झाले नाही. एक फाटकी वहाण पोटाशी धरून ती खड्ड्यात बसली, आणि जवळ येईल त्याच्यावर गुरगुरू लागली.

वस्ती हसली. कारभारी मात्र हसला नाही. भाकऱ्या त्याच्याच शब्दावर निघाल्या होत्या, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर लोक त्याला ‘वहाणेचा आजोबा’ म्हणू लागले होते.

पुढच्या साली पुन्हा पोट दिसू लागले.

“कुत्र्याचं शेपूट!” कारभारी म्हणाला. “नळीत घातलं तरी वाकडंच.” आणि तो तडक एका म्हातारीकडे गेला. तिचा जन्म मेंढ्यांची बाळंतपणे करण्यात गेला होता.

“म्हातारे, कुत्रीचं पोट खरं का खोटं?”

“नुसतं बघून न्हाई सांगता यायचं,” म्हातारी म्हणाली. “खऱ्यालाबी दूध येतं, खोट्यालाबी येतं. भूक तीच, उकरणं तेच. दोन महिने न् वर चार दिवस मोज. तवर तिला सुखानं बसू दे.”

“आन् खोटं निघालं तर?”

“तर भाकरी गेली. खरं असून तू तिला छळलंस, तर काय जाईल त्याचा इचार कर.”

पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. कारभारी फुंकतच बसला, ताक काही प्याला नाही. कुत्रीने भाकरी खाल्ली की तो म्हणे, “बघा, खाण्यासाठीच सोंग.” नाही खाल्ली की म्हणे, “माझी नजर हाय, हे कळलंय तिला.” झोपली तर आळशी, फिरली तर लबाड. रोज सकाळी तो सुतळीने तिचे पोट मापी आणि बोटांनी दाबून बघे. मला विचाराल तर, असल्या माणसापुढे खऱ्याने वागावे तरी कसे?

एके दिवशी कुत्रीच बोलली. “कारभारी, गेल्या साली तुम्ही फसला, तशी मीबी फसले. तुमची भाकरी गेली. मी तर त्या वहाणेला लेकरू समजून चाटत हुते.”

दुसऱ्या कुणाच्याही डोळ्यांत पाणी आले असते. कारभारी म्हणाला, “केवढं गोड बोलती! खोट्याबिगर इतकं गोड कोण बोलतं?”

त्याने भाकरी बंद केली आणि तिला राखणीला धाडले. त्याच दुपारी लांडगा आला. कोकरे ओरडली, तशी ती जड पोटाने धावली, लांडग्याला ओढ्यापर्यंत हाकलून धापा टाकत परत आली.

“पाहिलं का?” कारभारी साऱ्यांना ओरडून म्हणाला. “गाभण कुत्री अशी पळती व्हय?” आणि त्याने फावड्याने तिचा खड्डा बुजवून टाकला.

म्हातारी खूप बोलली, पण ऐकतो कोण? कुत्री बुजवलेल्या मातीकडे थोडा वेळ बघत राहिली. मग ओढा उतरून निघून गेली.

त्यानंतर लांडग्याला माळ मोकळाच झाला. दर दोन-चार दिवसांनी एखादे कोकरू जाऊ लागले. बायका रडल्या, पुरुष भांडले. दोन-अडीच महिन्यांनी बातमी आली, की कुत्री पलीकडच्या वस्तीवर व्याली आणि तिची पाचही पिल्ले आता खेळू लागली आहेत.

कारभारी खाली मान घालून तिकडे गेला. तिथली धनगरीण म्हणाली, “आमी काय इचारलं न्हाई, बाबा. दमल्याली दिसली, गोणपाट टाकून दिलं.”

कारभाऱ्याने हात जोडले. “मेंढरं संपत आली, बाई. राखणीला दोन पिल्लं द्या.”

धनगरणीने कुत्रीकडे पाहिले. कुत्री म्हणाली, “कोकरांचा काय गुन्हा? न्या दोन.”

कारभाऱ्याने एक पिल्लू उचलले. उलटे केले, सुलटे केले. त्याचे कान पाहिले, शेपूट पाहिले. मग आवाज बारीक करून धनगरणीला विचारले, “ही हिचीच न्हवं? का कुठनं आणून ठेवलीत?”

कुत्री उठली. तिने त्याच्या हातातले पिल्लू मानगुटीला अलगद धरून काढून घेतले आणि ती आत गेली.

कारभारी रिकाम्या हाताने परतला. पुढे उन्हापावसात त्या वस्तीची मेंढरे माणसांनीच राखली, आणि राखता आली नाहीत तेवढी लांडग्याने नेली.

बोध : ज्याच्या संशयाला कुठलाच पुरावा पुरत नाही, त्याच्या हाती आलेले खरेही टिकत नाही.