गिरव्वाच्या एकवीस पायऱ्या

गिरव्वाचं कुणी ऐकलं नाही. एवढं मोठं गाव, एवढे शहाणे, पण एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मला तर सांगतानाही राग येतो.

ही गोष्ट आपल्या पणज्यांच्या पणज्यांच्या वेळची. तेव्हा तळ्याच्या बांधाखाली वस्ती होती. गिरव्वा पाथरवटीण तिथंच राहायची, लेकीला घेऊन. दगडाला कान लावला की तिला आतलं पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात.

खेमाजी पाटलाला बापाच्या नावानं दीपमाळ उभारायची होती. दगड कुठले? तर बांधातले. घडीव, आयते.

गिरव्वा म्हणाली, "पाटील, हे दगड बांधाच्या आरपार गेलेत. यांनीच बांध धरलाय. काढले तर बांध जाईल."

"गिरव्वा, दगड काढायचं काम तुझं. विचार करायचं माझं."

पारावरचे सगळे खो खो हसले. पोटापुढं तिचं काही चाललं नाही. तिनंच पहारीनं दगड काढले.

दीपमाळ झाली. पुढच्या श्रावणात बांध फुटला. एकवीस माणसं गेली. त्यांतच तिची लेक, सगुणाही.

मग बांध फुटला त्याच जागी गिरव्वानं जमिनीत खाली उतरणाऱ्या पायऱ्या खणायला घेतल्या. बारा वर्षं. छिन्नी एकदाही बोथट झाली नाही, असं म्हणतात. गेलेल्या एकेका माणसाची एकेक पायरी. थोराची रुंद, तान्ह्याची एवढीशी, की पाऊल मावत नाही. भिंती जवळ जवळ येत जातात. दोघींना बरोबर उतरता येत नाही, जिनं तिनं एकटीनंच जायचं. तळाशी आभाळ पदराएवढं दिसतं. भर वैशाखातही भिंत गळ्यापर्यंत ओली असते, असं म्हणतात. दीपमाळ बघायला मान वर करावी लागते. इथं ती आपोआप खाली जाते.

गाव म्हणालं, "दोषी कोण ते तळाशी कोर." पाटलाला घाम फुटला.

पाथरवट आपली खूण दगडाच्या मागल्या अंगाला करतात, भिंतीत दडवतात. गिरव्वानं आपली खूण तळाच्या दगडावर कोरली, दर्शनी. दोष स्वतःवर घेतला आणि तिथंच बसली. वर आलेली तिला कुणी पाहिली नाही.

म्हणून दर श्रावणात, बांध फुटला त्या दिवशी, आपण बायका एकेक करून उतरतो. खुणेवर हात ठेवतो. "तू नव्हेस गं, माये," म्हणतो. मग वर येऊन, दीपमाळेकडं तोंड करून, पाटलांच्या घरची माणसं समोर उभी असली तरी, मोठ्यानं नाव घेतो: खेमाजी पाटील.