दुसऱ्या गळ्यातली घंटा

डोंगर बोलायचे त्या काळची गोष्ट. एका घंटेने मालकाला शब्द दिला होता, की त्याच्या बैलांशिवाय दुसऱ्या कुणाच्या गळ्यात वाजणार नाही. पुढे मालकाने बैल विकले आणि आता तुझं काम नाही म्हणत तिला झुडपावर फेकलं.

तिथे चरायला आलेल्या एका आंधळ्या शेळीच्या गळ्यात ती अडकली. तेवढ्यात धुकं दाटलं. शेळी चालत होती, घंटा हलत होती, आवाज मात्र नव्हता.

“वाज की गं बाई!” शेळी म्हणाली. “माझं करडू चुकलंय, पलीकडे कडा आहे.”

“शब्द दिलाय.”

“फेकून देणाऱ्याला? सासर सुटलं तरी पदर ढळत नाही हो तुझा!”

करडाचे खूर कड्याकडे जाताना ऐकू आले. घंटा वाजली. खूर वळले.

मग मालकाची हाक आली, “कुणासाठी वाजतेस गं?”

शेळी थबकली.

“चाल तू,” घंटा म्हणाली. “तो इथे नाहीये. माझ्याच पोकळीत घुमतोय.”