लहानू नियम लावतो

एका गावात लहानू नावाचा भोळा माणूस होता. गावच्या दूध डेअरीत तो टायपिंग करायचा. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा. अडचण तीच होती.

डेअरीतल्या कॉम्प्युटरमध्ये बरेच प्रोग्राम होते. एक दुधाचं वजन घ्यायचा, एक टाकीतलं दूध थंड ठेवायचा. कुणीतरी त्यात पत्त्यांचा खेळ घातला. खेळाने थंड करणाऱ्या प्रोग्रामच्या फायली पुसल्या आणि टाकीभर दूध नासलं. तेव्हा व्यवस्थापक निर्मलाताई म्हणाल्या, "आता कडक नियम. ज्या प्रोग्रामला ज्याची परवानगी, तेवढंच तो करणार. बाकी सगळं बंद. मी सांगितलं तरी बंद."

ताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. गावात दुसऱ्या कुणाला टायपिंग येत नव्हतं. काम लहानूवर आलं.

"आधी प्रत्येक प्रोग्रामला लेबल लाव," असं सांगून ताई दूध तपासायला गेल्या.

परत आल्या तर कॉम्प्युटरची स्क्रीन दिसेना. तिच्यावर कागदच कागद.

"लहानू, लेबलं डिंकाने लावलीस?"

"चिकटपट्टी संपली होती, ताई."

"अरे, लेबल आत लावायचं असतं. बाहेरून नाही."

लहानूने मान डोलावली. दुपारी गवळ्यांच्या कॅनवर नावं लावायची होती. त्याने ती आत लावली. संध्याकाळी रखमाबाईंच्या कॅनमध्ये रखमाबाईंचं नाव तरंगत होतं.

"कॅनला बाहेरून, कॉम्प्युटरला आतून," ताई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी दे. थंड करणाऱ्याचं काम काय?"

"थंड करणं."

"मग तेवढंच लिही."

लहानूने तेवढंच लिहिलं. प्रोग्रामने थंड करणारं मशीन चालू केलं. सकाळी टाकीत दुधाची लादी झाली होती.

"मशीन बंद करायची परवानगी का नाही दिलीस?"

"बंद करणं म्हणजे थंड करणं नव्हे, ताई."

ताईंनी डाव्या हाताने कपाळ धरलं. "आपण घाई केली. आता कुणाला अडवायचं नाही. नुसतं बघायचं. कोण काय करतंय ते टिपून ठेवायचं. नियम मग लिहू."

लहानू बघत बसला. ताई घरून जेवून आल्या, तेव्हा दुधाचं पातेलं कोरडं होतं. लहानूने टिपलेलं त्यांनी वाचलं: 'कुत्री आली. दूध प्यायली. गेली. पिलांना घेऊन आली.'

"हाकललं का नाहीस?"

"अडवायचं नाही म्हणालात. आता हिच्यासाठी नियम लिहूया?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारीच बसल्या. एकेक शब्द सांगितला. लहानूने एकेक शब्द टाइप केला. कधी नव्हे ते सगळं बरोबर होत होतं. लहानूला फार बरं वाटलं.

"आता शेवटचं," ताई म्हणाल्या. "नियम बदलायची परवानगी फक्त मला."

लहानूने 'लहानू' असं लिहिलं आणि नियम लागू केले.

तेवढ्यात दूध न्यायला टँकर आला. टाकीची झडप उघडेना. झडप उघडणारा प्रोग्राम नियमांत घालायला ताई स्वतःच विसरल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं नाव घालून एका हाताने नियम बदलून पाहिला. कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही.

"लहानू, तुला मी काय सांगितलं होतं?"

"'फक्त मला.' मग मी मलाच दिली."

बाहेर टँकरवाला भोंगा वाजवत होता. दारात गवळी जमले होते. ताई लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलल्या. "हरकत नाही. बदलायची परवानगी तुझ्याकडे आहे ना? मग तुझं नाव काढ. ते लागू कर. मग तिथे माझं नाव घाल."

या वेळी लहानूला चूक करायची नव्हती. त्याने शब्द न् शब्द ऐकला. स्वतःचं नाव काढलं. ते लागू केलं. मग ताईंचं नाव घालायला गेला. कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही.

लहानूने हात मांडीवर ठेवले. त्याचा चेहरा उजळला होता.

"ताई, नियम अगदी चोख चालतायत. आता तुम्ही नाही, मी नाही, कुणीच काही बिघडवू शकत नाही."

टँकर रिकामा गेला. त्या संध्याकाळी गावात घरोघरी कोरा चहा झाला. टाकीतलं दूध मात्र थंडगार होतं, आणि अगदी सुरक्षित.